भुवनाला येतंय

आमच्या तंजावरच्या घरात दिवेलागणीला 'नाही' म्हणत नाहीत. एवढं सांगताना मला दोनदा तेच लिहावं लागलं, पण मी हे भरदुपारी लिहिते आहे, तेव्हा चालून जाईल. ही आमच्या आईची शिस्त. समई लावायच्या सुमाराला मीठ संपलेलं असलं तर 'मीठ आणायचं अहे' म्हणायचं. बाबा घरी नसले तर 'येताहेत' म्हणायचं. शेजारची कोणी साखर मागायला आली आणि डबा रिकामा असला, तर आई हसून सांगायची, "सकाळी देते." लग्न होऊन मी पुण्याला गेले, तिथे हे कोणी पाळत नव्हतं, आणि माझ्या तंजावरी मराठीतल्या 'मज' 'तुज'ला हसण्यातच सासरच्यांचा अर्धा वेळ जायचा. नवरा गेल्यावर परत माहेरी, धाकट्या भावाकडे आले, तर शिस्त होती तशीच. उलट वाढली होती.

वाढली ती भुवनामुळे. भुवना, म्हणजे भुवनेश्वरी, माझ्या भावाची, वैद्यनाथची, थोरली मुलगी. बाळंतपणात काहीतरी अडलं, आणि ती अंगानं वाढली तशी बुद्धीनं वाढली नाही. आज चाळिशीला आली आहे. पैसे मोजता येत नाहीत, रस्ता एकटीनं ओलांडता येत नाही, गॅसवर दूध ठेवलं की विसरते. मी हे लिहिते आहे तितकं सरळ आमच्या घरात कोणी कधी बोललं नाही. "भुवनाला अक्षरं येतात?" असं कोणी विचारलं की वैद्या म्हणायचा, "येताहेत." हिशेब? "येतोय." येता येता पोरीचे केस पिकायला लागले, तरी आपलं 'येतोय'च.

वैद्या शाळेत इंग्रजी शिकवायचा. भुवना लहान असताना तिला एका शाळेत घातलं होतं, आणि वर्ष संपताना तिथल्या बाईंनी प्रगतिपुस्तकात इंग्रजीत लिहिलं, की ही मुलगी शिकायला 'इनकेपेबल' आहे. वैद्या तडक शाळेत गेला. भांडला नाही, भांडणाचं खातं आमच्यात माझ्याकडे आहे. त्यानं खिशातलं लाल पेन काढलं, तो शब्द खोडला, वर 'अनएबल' लिहिलं आणि पुढे 'सध्या' असं जोडून दिलं. "आता बरोबर झालं," म्हणाला, आणि मुलीचा हात धरून घरी आला. त्या शाळेत ती परत गेली नाही.

निवृत्त झाल्यावर तो घराच्या ओट्यावर शिकवणी घ्यायचा. गल्लीतली दहावी-बारावीची पोरं दुपार कलली की यायची. भुवना उंबऱ्यात पाय पसरून, मांडीवर कापूस घेऊन वाती वळत बसायची. प्रगतिपुस्तकातले ते दोन शब्द वैद्या दर नव्या तुकडीला हटकून शिकवायचा. "अनएबल म्हणजे आज जमत नाही. दाराला कुलूप आहे, किल्ली सापडली की आत जाल. इनकेपेबल म्हणजे कधीच जमणार नाही. तिथे दारच नाही." पोरं त्याच्यामागून एका सुरात तेच म्हणायची. मग तो सांगायचा, "हा दुसरा शब्द माणसाबद्दल वापरावासा वाटला तर आधी आत जाऊन पेलाभर पाणी प्या, परत या, आणि वेगळा शब्द शोधा." पोरं हसायची. भुवनाही हसायची, सगळे हसले की ती हसतेच. मला वाटायचं, तिला काय कळतंय त्यातलं.

भुवनाचा खरा मास्तर म्हणजे तिची आई श्रीविद्या. तिनं मरायच्या आधी लेकीला एक गोष्ट शिकवून ठेवली, समई लावणं. नुसतं काडी ओढून लावणं नव्हे. कालची वात पिनेनं काढायची, पितळ पुसायचं, तिळाचं तेल काठाच्या खाली बोटभर ठेवायचं, दोन वाती एकत्र पिळून ठेवायच्या, पदर खोचायचा, आणि काडी अंगापासून लांब ओढायची. हे यायला फार दिवस लागले. श्रीविद्या गेल्यावर कितीतरी संध्याकाळी वैद्या शेजारी ओला टॉवेल घेऊन बसायचा. नंतर टॉवेल सुटला, मग वैद्याही उठला. भुवना एकटी दिवा लावायला लागली. तो लागला की ती आम्हाला हाक मारायची, "या, पाहा." आणि आम्ही रोज, जसं काही पहिल्यांदाच लागला आहे तसं, हातातलं टाकून पाहायला जायचो. घरभर तिचा तोरा असायचा त्या वेळी. कोणी दिव्याला हात लावलेला तिला खपायचं नाही. मी एकदा वात सारली तर मला म्हणाली, "अत्या, तुज येत नाही ते." दिव्यापाशी 'नाही' म्हणाली म्हणून तिनंच स्वतःच्या तोंडावर चापट मारून घेतली.

आणि एक सांगायला हवं. वैद्या तिच्याशी कधी खोटं बोलला नाही. दवाखान्यात सुई टोचायच्या वेळी आम्ही सगळ्या 'दुखत नाही हं' म्हणायचो. तो म्हणायचा, "दुखेल भुवने. थोडं दुखेल, मग थांबेल." तसंच व्हायचं. म्हणून ती आम्हा कोणाचं ऐकायची नाही, अप्पांचं, म्हणजे वैद्याचं, ऐकायची.

मागच्या वर्षी वैद्याच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, लांबचे बेत करू नका. त्याला स्वतःच्या मरणाची भीती वाटली असेल नसेल, मला दिसली नाही. मला दिसली ती एकच काळजी, आपल्यामागे भुवनाचं कोण. धाकटी कीर्तना चेन्नईत नोकरीला. बहिणीला सांभाळीन म्हणून ती तयारच होती, आणि मी तर आता पिकलं पान. पण मोठ्या माणसाला नुसतं 'ही माझी बहीण' म्हणून भागत नाही. बँकेत, दवाखान्यात, घराच्या कागदावर तिच्या वतीनं सही करायची, तर आधी कायद्यानं पालक नेमून घ्यावा लागतो. त्यासाठी कलेक्टर कचेरीत एक समिती बसते. तिच्यापुढे सांगावं लागतं, की हिला स्वतःचं स्वतः पाहता येत नाही.

पहिल्या खेपेला वैद्यानं काय केलं असेल? तेच, जे आमच्या घरात सगळे करतात. अधिकारी बाई तमिळमधून प्रेमानं विचारत होत्या, आणि हा तमिळमधून 'येतंय, येतंय' म्हणत होता. पैसे कळतात? शिकतेय. एकटी राहते? आता राहील. स्वयंपाक? दिवा लावते, रोज, एकटी. भुवनानं पिशवीतून वातींची जुडी काढून बाईंच्या टेबलावर ठेवली. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "सर, तुमच्या मुलीला इतकं येतं, मग तिच्यावर पालक कशाला नेमायचा? तिचं तिला ठरवू द्या." त्यांचं चुकलं नाही. त्यांनी ऐकलं त्यावर निर्णय दिला. अर्ज परत आला.

मी मात्र घरी आल्यावर त्याला फाडून खाल्लं. "वैद्या, तू तिची सोयरीक जुळवायला गेला होतास काय? तुझ्यामागं ती त्या बँकेत उभी राहून वाती वाटेल? सांग की सरळ, येत नाही म्हणून!"

"मज तोंडातून निघत नाही अक्का."

"काय म्हणून निघत नाही?"

"ती शेजारी बसलेली असते."

तिला आणल्याशिवाय चालत नव्हतं, समितीला तिला पाहायचं असतं. शेवटी त्यानंच तोड काढली. "मी इंग्रजीत बोलतो. तमिळ तिज कळतं, मराठी कळतं. इंग्रजी कळत नाही." मलाही ते पटलं. इतकं पटलं, की मी कीर्तनाला फोन करून सांगितलं, तुझ्या अप्पांनी शक्कल काढली अहे.

दुसऱ्या खेपेला आम्ही टाऊन बसनं गेलो. वैद्याला तेव्हा चालताना कळ यायची, तरी त्यानं इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. भुवनानं मल्लीचा, मोगऱ्याचा, गजरा माळला होता, आणि पिशवीत बाईंसाठी वातींची नवी जुडी घेतली होती, मागच्यापेक्षा मोठी. बाईंनी ओळखलं तिला. मग त्यांनी विचारलं, "हिला घरी एकटं ठेवता येईल का?"

वैद्या उभा राहिला. कोणी उभं राहायला सांगितलं नव्हतं. वर्गात उभा राहायचा तसा तो राहिला आणि इंग्रजीत बोलू लागला. माझी मुलगी स्वतःची काळजी घ्यायला इनकेपेबल आहे. पैशाचा व्यवहार करायला इनकेपेबल आहे. स्वतःविषयी निर्णय घ्यायला इनकेपेबल आहे. आवाज स्पष्ट, शब्द सुटे सुटे, एकही उच्चार इकडचा तिकडे नाही. मला वाटलं आता बसेल. बाईंनी चाळता चाळता विचारलं, "पण मागच्या वेळी तुम्ही दिव्याचं म्हणाला होता." वैद्यानं समोरचा पेला उचलला, पाणी प्यायला, पेला खाली ठेवला. आणि म्हणाला, आगीजवळ जायला तर ती इनकेपेबल आहे, मॅडम. दिवा मी लावतो. ती नुसती शेजारी बसते.

दिवा कोण लावतं हे मला माहीत होतं. पण काम झालं हेही मला दिसत होतं. बाईंनी मान हलवली, लिहून घेतलं. भुवना मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. वातींची जुडी तिनं अर्धी बाहेर काढली होती, ती तिनं परत आत ढकलली आणि पिशवीचं तोंड मुठीत धरलं. द्यायची विसरली असेल, असं मी समजले.

तिची एक सवय होती. नवा शब्द कानावर पडला की 'म्हणजे काय?' विचारायचं, आणि मग दिवसभर तो तोंडात घोळवायचा. बसमध्ये वैद्या तिच्याकडे पाहत होता, आता विचारेल, मग विचारेल. तिनं काही विचारलं नाही, खिडकीतून बाहेर पाहत राहिली. आमचा थांबा आला तेव्हा तो माझ्या कानाशी म्हणाला, "पाह्यलंस अक्का? कळलं नाही तिज." त्याच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा सुटल्यासारखं दिसलं. मीही मान डोलावली. कळलं नाही असंच आम्हाला हवं होतं.

संध्याकाळी तिनं रोजच्यासारखी समई पुसली. तेल घातलं. वाती पिळून ठेवल्या. आणि हात मांडीत घेऊन शेजारी बसून राहिली. अंधार पडायला लागला तसा वैद्या आतून आला. "भुवने, दिवा?"

तिनं काडेपेटी त्याच्याकडे सारली. "मज येत नाही."

आमच्या देव्हाऱ्यापुढे, दिव्याच्या वेळी, तो शब्द. वैद्या खाली बसला. "तुज येतं गं. रोज लावतेस की."

"कधीच जमणार नाही," ती म्हणाली. "तिथे दारच नाही." अगदी त्याच सुरात म्हणाली, ओट्यावरची पोरं म्हणायची त्या. इतकी वर्षं उंबऱ्यात बसून तिनं दुसरं काही उचललं असेल नसेल, तेवढं उचललं होतं.

माझा भाऊ ढसाढसा रडला. बायको गेली तेव्हाही मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. तिचे दोन्ही हात धरून तो म्हणत होता, "मी खोटं बोललो भुवने. कचेरीत मी खोटं बोललो. तुज येतं." तिनं घाबरून त्याच्या तोंडावर हात ठेवला. "देवापुढं खोटं बोलू नये अप्पा." मग समजूत घालावी तशी म्हणाली, "अप्पा खोटं बोलत नाहीत. अप्पा सांगतात तसंच होतं."

आता तुम्हीच सांगा, या पोरीनं काय करायचं होतं? एक तर तिला दिवा लावता येत नव्हता, किंवा तिचे अप्पा खोटं बोलले होते. दोन्हींतलं एक तिला सोडायचं होतं, आणि तिनं दिवा सोडला. बुद्धी नाही म्हणतात तिला. त्या समितीवर, त्या शब्दावर, वैद्यावर आणि त्याच्या इंग्रजीवर मी चार दिवस चरफडत होते. पण चरफडून तिच्या हातात काडी येणार नव्हती.

वैद्यानं सगळं करून पाहिलं. ओला टॉवेल घेऊन पहिल्यासारखा शेजारी बसला. तिचा हात आपल्या हातात धरून काडी ओढायला गेला, तर ती हात सैल सोडायची, काडी खाली पडायची. शिकवणीच्या पोरांना आता तो शब्द शिकवायला बसला की मध्येच थांबायचा. पुढं पुढं त्यानं शिकवणीच बंद केली. दिवा तोच लावायचा, आणि लागला की भुवनाकडे पाहून म्हणायचा, "ये, पाहा." ती यायची, पाहायची, हात जोडायची. त्याची बोटं कापायला लागली तेव्हा काड्या वाया जायच्या. ती शेजारी बसून वाया गेलेल्या काड्या गोळा करायची. पण पेटी हातात घ्यायची नाही.

कीर्तनाच्या नावाचा हुकूम आला. वैद्यानं तो अंथरुणात पडल्या पडल्या वाचला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाला, "अक्का, हे मी मिळवलं." रागानं म्हणाला की समाधानानं, मला कळलं नाही. त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. गेला तो सकाळी, फिल्टर कापीचा पेला थंड व्हायच्या आत. शेवटी त्यानं भुवनालाच विचारलं होतं, "दुखेल का गं?" आणि तिनं सांगितलं होतं, "थोडं दुखेल अप्पा. मग थांबेल."

कीर्तना दुपारी पोचली. वैद्याला पुढच्या खोलीत ठेवलं होतं, उशाला दिवा लावायचा होता. कोणी काही सांगायच्या आत भुवना उठली. तिनं लहान पितळी दिवा घासून आणला, तेल घातलं, दोन वाती पिळल्या. शेजारच्या तमिळ बाई मायेनं, हळूच म्हणाल्या, "आज एकच वात, कण्णा." तिनं पीळ उलगडला, एक वात काढून आपल्या पदराला बांधली. दिव्याचं तोंड दक्षिणेकडे करायला सांगितलं, तसं केलं. सगळं तिनंच केलं, श्रीविद्यानं शिकवलं होतं तसं, एक थेंब सांडला नाही.

मग मी काडेपेटी तिच्या हातात दिली. मला वाटलं, आज लावेल. आता तो नाही, आता ती गाठ सुटेल. "लाव गं," मी म्हटलं, "अप्पांसाठी लाव. एकदा."

तिनं पेटी हातात घेतली. काडी काढली. पदर खोचला. बापाच्या तोंडाकडे पाहिलं. मग काडी तिनं कीर्तनापुढे धरली.

"तू लाव," म्हणाली. "मज येत नाही. अप्पांनी सांगितलंय."

कीर्तना माझ्याकडे पाहायला लागली. सगळेच पाहायला लागले. मी भांडखोर बाई, आयुष्यात कोणाला उत्तर द्यायची राहिले नाही. तेव्हाही उत्तर जिभेवर होतं, तुझे अप्पा खोटं बोलले होते. एवढं म्हणायचं होतं. तो समोर पडला होता, पांढरा सदरा घातलेला, आणि त्याची मुलगी माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"होय गं," मी म्हटलं. "सांगितलंय त्यांनी."

कीर्तनानं काडी ओढली.